माया बाहेरच्या बाजूला

बाण सुटतो तेव्हा सगळ्यात जास्त कोण सोसतं, असं मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी विचारतो. कुणी म्हणतं धनुष्य, कुणी म्हणतं दोरी. एकदा एकजण म्हणाला होता, समोरची गवताची गंजी. पण मला हवं असलेलं उत्तर असतं अंगठा.

आमच्या जुन्या पद्धतीत दोरी तीन बोटांनी ओढत नाहीत. अंगठ्याचा आकडा करून तो दोरीत अडकवायचा, तर्जनी त्याच्या नखावर ठेवून कुलूप लावायचं आणि ओढायचं. सगळा भार अंगठ्याच्या पेराखालच्या आतल्या घडीवर येतो. उघड्या अंगठ्याने पहिले काही बाण मजेत जातात. मग घडी लाल होते, मग निळी, मग मूल घरी बसतं. म्हणून अंगठ्यावर काहीतरी घालावं लागतं. काय घालायचं हा आमच्याकडचा पहिला धडा, आणि शिकवायला तोच सगळ्यात अवघड.

आमची जागा म्हणजे एका लाकडाच्या वखारीमागची लांब पट्टी. एका बाजूला फळ्यांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला भिंत, टोकाला गवताच्या गंज्या. वखारवाल्याला मुलांचा आवाज आवडतो, म्हणून त्याने ती आम्हाला वापरायला दिली आहे. पलीकडे करवत चालू असते, त्यामुळे मला थोडं ओरडून शिकवावं लागतं.

वखारीच्या फाटकात एके सकाळी एक मुलगी येऊन उभी राहिली. उभी राहिली म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. घरात तिला भिंगरी म्हणत. का, ते विचारावं लागलं नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "मला अंगठा आहे."

"दिसतोय की."

"आणि हे बोट पण चालतं." तिने उजवी तर्जनी वाकवून दाखवली. "ही दोन वाकत नाहीत. गाडीच्या दारात सापडली होती. तिकडच्या मोठ्या मैदानावर तीन बोटं लागतात. ते म्हणाले, वाईट वाटतं, पण नाही जमणार. इथं किती लागतात?"

"एक अंगठा, एक बोट. बाकीची नुसती प्रेक्षक."

तिने त्या दोन ताठ बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग बसा रे निवांत." मला तिथंच कळलं की हिला शिकवणं म्हणजे आपलीच करमणूक आहे.

पहिले काही दिवस मी तिला रबराची पट्टी ओढायला लावली. नीट जमू लागलं तेव्हा म्हणालो, "उद्या खरं धनुष्य, घरी न्यायलाही. पण त्याआधी अंगुस्तान लागेल. अंगुस्तानाशिवाय दोरीला हात नाही." मला शिकवणारे अंगठ्यावरच्या कड्याला अंगुस्तानच म्हणत, म्हणून माझ्याही तोंडी तोच शब्द बसलेला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी अंगुस्तान घेऊन आली. शिंप्याचं. बारीक खळग्याखळग्यांचं, सुई ढकलायचं टोपण.

माझ्याकडे तिच्याच वयाची आणखी एक मुलगी शिकते. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून तिचं नाव पडलं वकीलबाई. ती पुढे झाली. "आजोबा, तुम्ही अंगुस्तान म्हणालात. तिने अंगुस्तान आणलं. चूक तुमची."

"चूक माझी," मी म्हणालो. "पण आलंच आहे तर घालून बघू. काय होतं ते कळेल."

मुलांना चूक सांगण्यापेक्षा करून बघू द्यावी, असं मला वाटतं, फक्त बाण बोथट असावा. भिंगरीने ते टोपण अंगठ्यावर चढवलं. अंगठ्याचं टोक झाकलं गेलं आणि जिथे दोरी बसते ती घडी उघडीच राहिली. तिने दोरी टोकावर घ्यायचा प्रयत्न केला, तर लोखंडावरून दोरी सटकली आणि बाण तिच्याच पायाशी पडला.

"बाण घाबरला," वकीलबाई म्हणाली.

"बाण तुला बघून घाबरला," भिंगरी म्हणाली.

तेवढ्यात फाटकातून गळ्यात टेप अडकवलेली एक बाई आत आली. "इथं माझं अंगुस्तान आलंय का?" तिने विचारलं. ही भिंगरीची आई. कोपऱ्यावर कपडे बेतून द्यायचं आणि दुरुस्त करायचं तिचं दुकान आहे. सकाळपासून जाड कोटाचं कापड शिवत होती आणि तिचं बोट सुईने चाळणी झालं होतं.

मी झाला प्रकार सांगितला. ती हसली, टोपण पदराने पुसून बोटात घातलं, आणि जायला वळून थांबली. भिंगरी बाण गोळा करायला लांब गेली होती.

"काका, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "ते गाडीचं दार मी लावलं होतं. मागे न बघता. ती कधी बोलत नाही, पण दार मीच लावलं होतं."

करवत थांबली होती.

"आता त्या हातात कामाचा अंगठा आणि एकच बोट राहिलंय. तिची इच्छा आहे, शिकू दे. पण रोज संध्याकाळी मी तिचा अंगठा बघणार. निळा डाग दिसला की बंद. त्या दिवशी धनुष्य तुम्हाला परत. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. तिच्या जागी मी असतो तर शिकूही दिलं नसतं.

अट भिंगरीलाही सांगितली गेली. ती थोडा वेळ एका पायावरही हलली नाही. मग म्हणाली, "मग नीट निवडायला पाहिजे."

माझ्याकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात अंगठ्याची कडी आहेत. शिंगाची, पितळेची, लाकडाची, एक दगडाचंसुद्धा. तो डबा मी मुलींपुढे उपडा केला.

"आधी नीट बघा," मी म्हणालो. "बोटातल्या अंगठीसारखं हे गोल आहे का?"

"लांबट आहे," भिंगरी म्हणाली. "आणि याला जीभ आहे."

"ती जीभ अंगठ्याच्या पोटावर यायची. कडं आडवं धरून पेरावरून चढवायचं आणि मग फिरवायचं. फिरवलं की अडकतं. सैल असून पडू नये, घट्ट असून आवळू नये."

"आजोबा," वकीलबाई म्हणाली, "अंगठ्यात घालतात म्हणून ती अंगठी. मग बोटात घालतात तिला बोटी का म्हणत नाहीत?"

मी त्यातलं सगळ्यात लहान कडं शोधायला लागलो.

बहुतेक कडी मोठ्या माणसांच्या मापाची. शिंगाचं कडं भिंगरीच्या अंगठ्यावरून निघालं ते बाणाबरोबरच गेलं, आणि आम्ही दोन्ही शोधत गंजीपर्यंत गेलो. पितळेचं सगळ्यात लहान कडं सकाळी छान बसलं. पण ऊन चढलं, हात तापला, अंगठा सुजला आणि कडं निघेना. शेवटी वखारीच्या नळावर साबण लावून काढलं. भिंगरी म्हणाली, आईला हे सांगायचं नाही. मी म्हणालो, सांगायचं, आणि सांगितलं.

"वाढत्या हाताला कडं नको," मी तिच्या आईला म्हणालो. "मोठी झाली की ती स्वतः निवडेल. आत्ता चामडं बरं. कडक कड्याने बाण झटकन सुटतो हे खरं. पण चामडं माप चुकलं तरी सांभाळून घेतं, आणि दोरी कुठे बसली आहे ते अंगठ्याला कळतं."

दुकानाच्या टेबलावर मी माझं जुनं, झिजलेलं चामड्याचं टोपरं ठेवलं. अंगठ्यावर चढणारी छोटी बाही, वर नखाला मोकळं, खाली पोटावर जीभ. तिने ते दोन बोटांत धरून फिरवून बघितलं.

"हे कुणी शिवलंय?"

"मीच."

"दिसतंच आहे," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, मजबूत आहे."

एक जुना हातमोजा होता तिच्याकडे, लोण्यासारख्या मऊ चामड्याचा. तिने भिंगरीच्या अंगठ्याचं माप घेतलं. टेप लावताना ती अंगठा असा धरत होती जसं काही तापलेलं भांडं आहे. भिंगरी मात्र आरशात वाकुल्या दाखवत होती.

दोन दिवसांनी भिंगरी ते टोपरं घालून आली. आम्ही सगळे बघतच राहिलो. बाहेरून एक टाका दिसत नव्हता. अंगठ्यावर जणू दुसरी कातडी आली होती. वकीलबाईने हातात घेऊन उलटसुलट केलं, हरकतीचा मुद्दा शोधला, आणि नाही सापडला म्हणून परत दिलं.

त्या दिवशी भिंगरीचा पहिला बाण गंजीत गेला. दुसराही. तिने त्या दोन ताठ बोटांना टाळी दिल्यासारखं दुसऱ्या हाताने थोपटलं. मी वळून करवतीकडे बघत बसलो. या वयात डोळे उगाच ओलावतात.

पुढे काही दिवस ती झपाट्याने सुधारली. आणि मग अडली. दोरी पूर्ण ओढायच्या आधीच बाण सुटायचा आणि गंजीच्या अलीकडे लोळायचा. ओढताना एक डोळा बारीक व्हायचा. नेम धरताना होतो तसा नाही, खडा टोचल्यावर होतो तसा.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"बघू अंगठा."

"आई बघते ना रोज." आणि हात खिशात.

मी तिला त्या दिवसापुरतं थांबवलं. रबराची पट्टी दिली. आई बघते आहे, म्हणजे डाग नसावा, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आधी तिची आई आली. हातात धनुष्य. मागे भिंगरी, मान खाली.

"बंद, काका," आई म्हणाली. तिने धनुष्य फळ्यांच्या थप्पीवर ठेवलं, हळूच, कुणाचं तरी झोपलेलं मूल ठेवावं तसं. "बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं."

"दुकानात कपडे घालून बघायला पडदा लावलाय ना, त्याच्या आत शिरून ही पडद्यातून अंगठा बाहेर काढायची. 'बघ गं आई.' मी गिऱ्हाइकाचं माप घेत असायची, बघायची, हो म्हणायची. काल लक्षात आलं, तो डावा असायचा."

वकीलबाईच्या तोंडून "वा" निघालं आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

मी थप्पीवर बसलो. अट मोडली होती, आणि ती मला मान्य होती. भांडायला काही उरलं नव्हतं. "ठीक आहे," मी म्हणालो. "धनुष्य राहू दे इथं. पण तो अंगठा मला एकदा बघू दे. शिकवलं मी आहे."

भिंगरीने मूठ उघडली. डाग होता. निळा, चांगला ठसठशीत. मी चष्मा वर करून बघितला आणि मग तिचा हात उन्हाकडे फिरवला.

"हा उभा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"दोरी अंगठ्याला आडवी बसते. तिचा वळ आडवा उठतो. हा पेरापासून टोकाकडे गेलाय, सरळ रेघ. दोरी असं करत नाही." मी भिंगरीला विचारलं, "हे कशाचं गं?"

"माहीत नाही," ती जमिनीला म्हणाली.

तिला माहीत होतं. मुलं खोटं बोलतात तेव्हा फार लवकर उत्तर देतात.

आईने भिंगरीच्या खिशातून टोपरं काढलं. ते स्वतःच्या अंगठ्यावर कसंबसं चढवलं. मग धनुष्याकडे बघितलं. आज इथं आणण्यापुरतं सोडलं तर तिने त्याला कधी बोट लावलं नव्हतं, धूळ पुसायलासुद्धा नाही. तिने ते उचललं.

"कसं धरतात?"

मी सांगितलं. भिंगरीने आईची तर्जनी नखावर ठेवून दिली. आईने दोरी ओढली, अर्धी, मग आणखी थोडी. तिचा एक डोळा बारीक झाला.

तिने दोरी हळूहळू परत सोडली, टोपरं काढलं आणि सवयीच्या हाताने एका झटक्यात उलटं केलं. आतल्या बाजूला, बरोबर अंगठ्याच्या पोटावर येईल अशी, शिवणीपुढे सोडलेल्या चामड्याची दुहेरी पट्टी होती. घामाने वाळून ती काठीसारखी कडक झाली होती.

"माया ठेवली होती मी," ती म्हणाली. "वाढतं बोट आहे. लहान मुलांचं काहीही शिवताना मी आत माया ठेवते. पुढे उसवून मोठं करता येतं." ती त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "आणि शिवण खाली घेतली, दिसू नये म्हणून."

"तुला कळलं होतं?" तिने भिंगरीला विचारलं.

भिंगरीने मान डोलावली.

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी. थोडंच टोचायचं तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली. "तू म्हणाली असतीस, परत माझ्याच हातून."

आई थप्पीवर बसली, माझ्या शेजारी. तिने धनुष्य मांडीवर आडवं घेतलं. पलीकडे एक फळी चिरून झाली, दुसरी सुरू झाली. वकीलबाईलाही या खटल्यात कुणाची बाजू घ्यावी ते सुचेना.

"म्हटलं असतं मी," आई शेवटी म्हणाली. "अगदी तसंच म्हटलं असतं." मग तिने भिंगरीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली. "म्हणून तू आपली सोसत बसलीस. माझ्यासाठी."

"थोडं बाणासाठी पण," भिंगरी म्हणाली.

आईला हसू आलं. रडूही आलं असावं, पण ते तिने नाकावाटे परत ओढलं. "काका, कात्री आहे का इथं?"

कात्री नव्हती. बाणाच्या पिसांसाठी माझ्याकडे छोटी धारदार सुरी असते, ती दिली. सुई-दोरा तिच्या पोलक्याच्या गळ्यालाच टोचलेला होता. तिथंच थप्पीवर बसून तिने टाके उसवले. टोपरं उलटं करून धरलं, शिवण पोटावरून बाजूला सरकवली आणि पट्टी बाहेर काढली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही माया कापून टाकू?"

"नको," मी म्हणालो. "बाहेर राहिली तर टोचत नाही. आणि पुढच्या वर्षी लागेलच."

तिने मान डोलावली आणि शिवायला लागली. भिंगरी तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती. शेवटचा टाका दाताने तोडून आईने टोपरं तिच्या डाव्या अंगठ्यावर चढवून बघितलं, उजवा दुखरा म्हणून. बाजूने चामड्याची पट्टी पंखासारखी बाहेर आली होती.

"किती घाण दिसतंय," आई म्हणाली. आयुष्यभर तिने शिवण आत लपवली होती.

"अंगठ्याला कान फुटले," वकीलबाई म्हणाली.

"बरं झालं," भिंगरी तिला म्हणाली. "निदान अंगठा तरी तुझं ऐकेल. मी तर नाही ऐकत."

मग ती माझ्याकडे वळली. "आता मारू?"

"डाग जाईपर्यंत एकही नाही."

"आजोबा."

"एकही नाही. पिसं चिकटवायची आहेत, गवत बांधायचं आहे. कामाला तोटा नाही."

आई उठली. धनुष्य तिने थप्पीवर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं. "सांभाळून ठेवा, तिचा डाग जाईपर्यंत," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही डाग उभा की आडवा ते बघितलंत. मी नुसता डाग बघितला. उपकार झाले."

"डाग बघणारं कुणीतरी लागतंच," मी म्हणालो. "तुम्ही रोज अंगठा मागितला नसता तर ही पडद्याचीही गरज न पडता अजून तशीच ओढत असती, आणि मला पत्ता नसता." हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो नाही. इतकी वर्षं मी मुलांना विचारत आलो, दुखतंय का. मुलं नाही म्हणाली की पुढे जात होतो. आता मी विचारत नाही. रोज धडा संपला की सगळ्यांचे अंगठे बघतो, उजेडात, उजवे आहेत ना याची खात्री करून. ही सवय मला त्या दोघींनी लावली, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

डाग आधी जांभळा झाला, मग पिवळा, मग गेला. त्या सकाळी आई दुकान उशिरा उघडणार अशी पाटी लावून आली. गळ्यात टेप तसाच. भिंगरीने ते कानाचं टोपरं चढवलं, आकडा केला, कुलूप लावलं. दोरी गालापर्यंत आली आणि दोन्ही डोळे उघडेच राहिले. बाण गंजीत घुसला. मग दुसरा, त्याच्या जवळच. मग एक भिंतीवर गेला, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. भाता रिकामा झाल्यावर आईने तिचा हात मागितला. उजवा. टोपरं काढलं, अंगठा उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला. घडीवर पुसट लाल रेघ होती, आडवी, आणि आमच्या देखतच ती फिकट होत गेली. आई तरीही बघत होती. पेरावरून, टोकापर्यंत, परत.

"आता काही टोचलं की सांगायचं," ती म्हणाली. "कुणी केलं, काय वाटेल, ते नाही बघायचं. लगेच सांगायचं."

"सांगेन."

"लगेच."

"आई, दुखतंय."

आईचा चेहरा उतरला. "कुठं?"

"तू इतक्या जोरात धरलायस, तिथं."

आईने बोटं सैल केली. पण हात सोडला नाही.